क्रमांक सातचे सरदार

देवाने माणसाला डोळे दिले ते जग पाहण्यासाठी आणि कान दिले ते पाहिलेल्याची खात्री करून घेण्यासाठी, ही गोष्ट थोरामोठ्यांना पूर्वीपासून मान्य होती. एकोणीसशे त्र्याऐंशी साली ती सरकारलाही मान्य झाली. त्या साली कोल्हापुरातल्या एका सुप्रसिद्ध चित्रसंग्रहालयात (सुप्रसिद्ध असल्याचं दारावरच रंगवलेलं होतं, त्यामुळे वाद नव्हता) ‘ध्वनिदर्शन योजना’ सुरू झाली.

योजना सोपी होती. मुंबईहून सहा टेप आले. पाहणाऱ्याने टेप गळ्यात अडकवावा, हेडफोन कानाला लावावा, बटण दाबावं आणि आतल्या बाई गोड आवाजात सांगतील तसं उजवीकडे वळून एकवीस चित्रांपुढून चालत जावं. एका चित्राला दीड मिनिट. दीड मिनिट झालं की कानात घंटा वाजे आणि माणूस पुढच्या चित्राकडे सरके. साडेएकतीस मिनिटांत तो कलेच्या बाबतीत पुरा होऊन बाहेर.

याआधी हे काम मीरासाब करत. मीरासाब शिवाजी पेठेतले, संग्रहालयाचे शिपाई, नोकरी चोवीस वर्षांची. चित्रं त्यांना तोंडपाठ होती. योजनेच्या नियम चारने त्यांना या कष्टातून मोकळं केलं: ‘सेवकांनी तोंडी माहिती देऊ नये.’ नियम पाचने चित्रांखालचे फलकही उतरवले, कारण तीच माहिती दोनदा दिली की तिची किंमत राहत नाही.

मीरासाबांना नियम चारबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्यांना म्हणायचं होतं ते चित्र क्रमांक सातबद्दल. त्या चित्रात फेटा बांधलेला एक उभा माणूस आहे. हातात चाबूक, खांद्यापाशी घोड्याची मान. हे मीरासाबांचे वडील, ख्वाजा. चित्रकाराला रोज आपल्या टांग्यातून रंकाळ्यावर नेऊन सोडायचे, तेव्हा एक दिवस त्याने त्यांनाच उभं करून रंगवलं आणि नाव लिहायचं राहून गेलं. चोवीस वर्षं मीरासाब त्या चित्रापुढे थांबून सांगत, “हे आमचे वडील.” पाहुणे एकदा चित्राकडे, एकदा मीरासाबांकडे बघत आणि पुढे जात. एवढंच. पण एवढं रोज होत असे.

टेपमधल्या बाई म्हणाल्या, “क्रमांक सात. एक अज्ञात टांगेवाला. घोड्याच्या आयाळीवरचा प्रकाश पाहण्यासारखा आहे.”

मीरासाबांनी ते तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा बाई तेच म्हणाल्या. मग ते संग्रहालयाच्या प्रमुखांकडे गेले. प्रमुखांना सगळे आण्णा म्हणत.

“आण्णा, अज्ञात न्हाईत ते. ख्वाजा नाव हाय त्यांचं.”

“टेप मुंबईत भरलीया, मीरासाब. त्यात अज्ञात म्हटलंय म्हंजे अज्ञातच की.”

“पर मी त्यांचा ल्योक हाय.”

आण्णांनी विचार केला. “त्येची नोंद न्हाय,” ते म्हणाले.

इथवर सारं नियमाने चाललं होतं. पुढे जे झालं त्याला कारण चपला.

टेप परक्याच्या गळ्यात द्यायचा तर ठेव म्हणून काहीतरी ठेवून घ्यायला हवं. कोल्हापूरला आलेला माणूस घड्याळ विसरेल, छत्री विसरेल, बरोबर आणलेली मेहुणी विसरेल, पण सकाळीच घेतलेली नवी चप्पल सोडून गावाबाहेर जाणार नाही. तेव्हा ठेव चपलेची ठरली. हे धोरण अचूक होतं. त्यातून एकच गोष्ट नजरेआड झाली, ती अशी की चप्पल काढली की माणूस पाहुणा राहत नाही, भाविक होतो.

आता हा भाविक दालनात शिरतो. पायांना गार फरशी लागते. समोर, दालनाच्या बरोबर मधोमध, उंच चौथऱ्यावर हातात दिवा घेतलेल्या बाईचं, एकवीसांत न धरलेलं, मोठं चित्र. कानात घंटा. अशा वेळी पाय आपोआप डावीकडे वळतात आणि मधली मूर्ती उजव्या हाताला ठेवून चालू लागतात. याला प्रदक्षिणा म्हणतात आणि ती शिकवावी लागत नाही. टेपमधल्या बाई उजवीकडे वळा म्हणत होत्या. पण बाई मुंबईच्या. त्यांचं मनावर कोण घेणार?

पहिल्या तीन महिन्यांची आकडेवारी उपलब्ध आहे. एकूण प्रेक्षक अकराशे चाळीस. प्रदक्षिणेने गेलेले अकराशे सव्वीस. टेपच्या सांगण्याप्रमाणे गेलेले चौदा. त्यांपैकी नऊ परदेशी, चार जण मुतारी शोधत होते आणि एक चित्रकलेचे मास्तर.

टेप एकाकडून एकवीसकडे जाई आणि माणसं एकवीसकडून एकाकडे. निवृत्त दिवाणसाहेबांच्या तसबिरीपुढे उभं राहून लोक ऐकत, “ही दरबारातली तरुणी लाजून मान खाली घालत आहे.” कोणी तक्रार केली नाही. उलट एक पावणं म्हणालं, “लाजल्यागत दिसत्यात खरं.” आंब्यांच्या पाटीपुढे सूर्य रंकाळ्यात बुडे. सरदार हैबतराव क्रमांक पंधराला होते. चित्रकाराने त्यांना म्हातारपणी, खुर्चीत, गुडघ्यावर शाल टाकून रंगवलं होतं. त्यांच्यापुढे बाई म्हणत, “एक अज्ञात टांगेवाला.”

“टांगा कुठं हाय?” एका बाईने नवऱ्याला विचारलं.

“इकला असंल. आता रिक्षा झाल्यात की.”

एकवीस चित्रं उलटसुलट मोजली तर मधलं एकच आपल्या जागी राहतं. अकरावं. चित्र क्रमांक अकरा म्हणजे कळंब्याच्या तळ्यात बसलेली म्हैस. दहा ठिकाणी कानात एक आणि डोळ्यांपुढे एक असं सोसून माणूस तिथे पोहोचे आणि बाई म्हणत, “ही म्हैस पाहा.” आणि खरोखरच म्हैस असे. एखाद्याच्या अंगावर काटा येई. पुढच्या दहा ठिकाणी पुन्हा मेळ नाही. यावरून जो निष्कर्ष निघतो तो समंजस लोकांनी काढला: बाकीची नुसती चित्रं, म्हैस जागृत.

कळंब्याच्या बाळाबाईंनी तिला पहिला हार घातला. त्यांची स्वतःची म्हैस आटली होती, ती चौथ्या दिवशी धार देऊ लागली. (मधे पेंड बदलली होती, असं पाचव्या दिवशी त्यांनीच सांगितलं, पण तोवर बातमी गगनबावड्यापर्यंत गेली होती.) श्रावणात चित्रापुढे हिरवा चारा, पेंडीचे गोळे आणि एक दिवस तर नुकतं जन्मलेलं ओलं वासरू आलं. संग्रहालयाच्या वार्षिक अहवालात याची नोंद ‘जनतेत कलेविषयी वाढलेली आस्था’ अशी आहे.

आणि पंधराव्या ठिकाणी माणसं ख्वाजांपुढे येत.

बाई म्हणत, “हे सरदार हैबतराव. यांनी एकवीस दिवस गड लढवला. त्यांच्या डोळ्यांतली जरब पाहा.” माणसं वर बघत. फेटा होता, घोडा होता, हातात चाबूक होता. जरबही होती, कारण भर उन्हात दोन तास एका जागी उभं केल्यावर घोड्याच्या काळजीने कोणाच्याही डोळ्यांत जरब येते. माणसं हात जोडत. कोणी मुजरा करी. लष्करातून निवृत्त झालेल्या एका सुभेदाराने टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. मीरासाब कोपऱ्यात स्टुलावर बसून बघत. चोवीस वर्षं ते खरं सांगत होते, तेव्हा लोक मान हलवून पुढे जात. आता ते गप्प बसले होते आणि त्यांच्या वडिलांना दिवसाला बारा-पंधरा सलाम पडत होते. नियम चारविषयीचं त्यांचं मत हळूहळू चांगलं होत गेलं.

पण चित्रकलेचे मास्तर हे खातं असं आहे की ते चित्रांकडेही बघतं आणि बघणाऱ्यांकडेही. त्यांनी मुंबईला पत्र लिहिलं. मुंबईहून उत्तर आलं: ‘ऐकलेले व पाहिलेले यांच्या मेळाची तपासणी करण्यात येईल. मेळ न बसल्यास दालनावरील सेवकाची बदली गगनबावडा येथील साठवणगृहात करण्यात यावी.’ गगनबावड्याला पाऊस आधी भिंतीत शिरतो, मग बाहेर पडतो. तिथे साठवणगृह का बांधलं, याची स्वतंत्र फाइल आहे आणि ती तिथेच साठवलेली आहे.

मीरासाबांनी घरी हे सांगितलं. त्यांच्या बायकोला, अमीरबीला, दमा होता.

“लोकांस्नी सरळ मार्गानं घालवा म्हंजे झालं,” अमीरबी म्हणाली. “त्यात काय एवढं?”

“मग वडील पुन्ना अज्ञात हुत्यात.”

“वडील भित्तीवर हाईत. त्येंना दमा न्हाय. मला हाय.”

दुसऱ्या दिवशी मीरासाबांनी आण्णांच्या हुकमाने फरशीवर बाण रंगवले, उजवीकडे जाणारे. रंग भांडारात होता तोच वापरला, शेंदरी. शेंदरी खुणेवर पाय ठेवणारं माणूस कोल्हापुरात अजून जन्मायचं आहे. लोक बाणांना नमस्कार करून, त्यांना वळसा घालून, डावीकडून जाऊ लागले. मीरासाब दारात उभे राहून उजवीकडे हात करू लागले. बोलायची मनाई, म्हणून नुसता हात.

बाळाबाई हाराची पुडी घेऊन आल्या आणि त्या हातापाशी थांबल्या.

“मीरासाब, तुमी चांगलं माणूस. आमाला उलटं फिरवून पाप कशाला घेतासा?”

मीरासाबांनी हात खाली घेतला. चोवीस वर्षं दालन पुसताना तेही डावीकडूनच जात आले होते.

तपासणीच्या दिवशी मुंबईहून नाडगौडासाहेब आले. त्यांनी बूट ठेव म्हणून दिले, पावती घेतली आणि मोजे घालून उंबऱ्यावर उभे राहिले. हातात एक तक्ता होता. तक्त्याला दोन रकाने: ‘ऐकले’ आणि ‘पाहिले’. मीरासाबांनी उजवीकडे हात केला. साहेबांनी उजवा पाय उचललाही.

“साहेब,” मागून बाळाबाई म्हणाल्या, “डावीकडनं जावा.”

“बाई, मी विज्ञानाचा पदवीधर आहे.”

“असू दे की. पोरंबाळं हाईत न्हवं घरात?”

नाडगौडासाहेबांनी आण्णांकडे पाहिलं. आण्णा छताकडे बघत होते. साहेबांनी मागे-पुढे पाहिलं, कोणी ओळखीचं नव्हतं, आणि ते डावीकडे वळले. (वाद नको म्हणून. अहवालात उल्लेख नाही.)

मीरासाब भिंतीला हात लावून उभे राहिले. आता सगळं उघड होणार होतं. पहिल्याच ठिकाणी दिवाण आणि लाजणारी तरुणी. त्यांना अमीरबीचा श्वास आठवला, पावसात होतो तसा.

परंतु तपासणीची एक शिस्त असते. बाई बोलू लागल्या की साहेब मान खाली घालून ‘ऐकले’मध्ये त्यांचा शब्दन्‌शब्द उतरवून घेत. लिहून होईतो घंटा होई. घंटा झाली की साहेब मान वर करत, भिंतीवर चौकट आहे अशी खात्री करत आणि ‘पाहिले’मध्ये बरोबरची खूण करून पुढे सरकत. एकवीस घंटा, एकवीस खुणा. फक्त पंधराव्या घंटेला ते जरा जास्त थांबले. त्यांनी ख्वाजांकडे पाहिलं, गळ्यातला टाय सरळ केला आणि हळूच म्हणाले, “जरब आहे खरी.”

मीरासाबांनी तोंड उघडलं. मग नियम चार आठवून मिटलं.

अहवालात लिहून आलं: मेळ शंभर टक्के. बदलीचं कारण नाही. शिवाय एक शिफारस: चित्रांखाली कायमचे पितळी फलक बसवावेत, प्रस्तुत तक्त्यातील क्रमाने. (नियम पाच आड आला नाही. तो कागदी फलकांबद्दल होता.) महिन्याभरात फलक आले. दिवाणसाहेबांखाली ‘लाजरी तरुणी’ लागलं. खुर्चीतल्या म्हाताऱ्याखाली ‘अज्ञात टांगेवाला’ लागलं. आणि ख्वाजांखाली, चार स्क्रूंनी घट्ट, ‘सरदार हैबतराव’. मीरासाब कोल्हापुरातच राहिले. रोज सकाळी ते तो फलक चिंचेने घासून लखलखीत करत. वडिलांना मान कायमचा मिळाला होता. नाव तेवढं कायमचं गेलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून एक मोटार आली. सरदार हैबतरावांच्या घराण्यातली सात माणसं उतरली, कारण फलकाची बातमी वर्तमानपत्रात आली होती. सातकडे जाताना पंधरापाशी, शालीतल्या म्हाताऱ्यापुढे, त्यांतल्या सूनबाई क्षणभर थांबून म्हणाल्या, “कसला दीनवाणा आहे बिचारा,” आणि पुढे गेल्या. सातपाशी सगळे उभे राहिले. नातू पन्नाशीचे होते. त्यांना गहिवरून आलं.

“नाक बघा,” ते म्हणाले. “नाक आपलंच आहे.”

सगळ्यांनी आपापल्या नाकाला हात लावून पाहिला. होतं.

त्यांनी मीरासाबांच्या हातात कॅमेरा देऊन चित्रासह सर्वांचा फोटो काढून घेतला. मग नातवांनी सहज विचारलं, “तुम्ही इथले जुने दिसता. आमच्या आजोबांविषयी काही ऐकून आहात का?”

योजना सुरू झाल्यापासून मीरासाबांना कोणी चित्राविषयी काही विचारल्याची ही पहिली वेळ. त्यांनी कॅमेरा परत दिला.

“घोड्यावर लई जीव हुता त्यांचा,” ते म्हणाले. “सोता उपाशी राहतील, पर त्येला आदी घालतील.”

“घोडदळातले ना,” नातू म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

तो फोटो मोठा करून पुण्याच्या बैठकीत लावला आहे. सणावाराला त्याला हार असतो. मीरासाबांना हे कळलं. घरी जाऊन त्यांनी अमीरबीला सांगितलं की वडिलांना आता पुण्यात पण घर झालं.

यावर कोणाला हसू येत असेल तर हसण्याला मनाई नाही. हसून झालं की आपल्याही बैठकीत, घड्याळाच्या शेजारी, जी हार घातलेली तसबीर आहे तिच्याकडे एकदा पाहून घ्यावं. ते आपले पणजोबाच आहेत, शंका नको. तसं आपल्याला लहानपणीच सांगितलेलं आहे.