पहिले तीन आटे हातानं

भैयाजी पागे यांच्या स्वयंपाकघरात जिऱ्याच्या डब्यात जिरं नसतं, वॉशर असतात. मोहरीच्या डब्यात स्प्रिंगा, हळदीच्या डब्यात पितळी नट. ज्या बरणीवर काकूंच्या अक्षरात ‘लिंबू-मिरची’ लिहिलंय तिच्यात तेलात बुडवलेल्या बेअरिंगा. मी पहिल्यांदा जागा बघायला गेलो तेव्हा काकू चहा करत होत्या आणि साखर सापडत नव्हती. चार डबे उघडून झाल्यावर पाचव्यात निघाली. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. म्हणाल्या, “फोडणीत एखादा नट पडला तर आम्ही शुभ मानतो. हरवलेला सापडला.”

मी मूळचा साताऱ्याचा. झाशीजवळच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून बदलून आलो आणि मराठी घर मिळतंय या आनंदात पाग्यांच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या. पागे इथले जुने. कुणी पूर्वज घोड्यांच्या पागेवर होते म्हणे, तेव्हापासून घराणं झाशीतच. त्यांची मराठी जुनी आणि गोड, पण हिंदी तिच्यात लोणच्यासारखी मुरलेली. भैयाजी गाडी दुरुस्त करत नाहीत, ‘सुधारतात’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गाडीला काही वाईट सवयी लागल्या असाव्यात.

भैयाजींचं वय अडुसष्ट. इंटर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले. सगळा मोहल्ला त्यांना भैयाजी म्हणतो म्हणून मीही म्हणू लागलो, आणि त्यांच्या पत्नीला आपल्याकडच्या सवयीने काकू. महिनाभर त्यांनी हे ऐकून घेतलं. मग एके दिवशी शांतपणे म्हणाले, “मी भाऊ आणि ही काकू. हे समीकरण सुटत नाही जी. पण राहू द्या.”

गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असलेली. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. मी राहायला गेलो तेव्हा मात्र तिला गाडी म्हणायला धैर्य लागलं असतं. सांगाडा पोर्चमध्ये, दारं माझ्या जिन्याखाली, इंजिन एका खाटेवर चादर पांघरून. पुढची सीट बैठकीत होती आणि आल्यागेल्याला तिच्यावरच बसवत. दोन वर्षं मी त्या सीटवर बसून चहा प्यालो. समोरासमोर बसायची सोय नसल्यामुळे पाहुणे आणि यजमान दोघेही भिंतीकडे बघत बोलत.

मी इंजिनियर. हाताशी येईन असं मला वाटलं. पहिल्याच रविवारी एक बोल्ट भोकात धरला आणि पाना लावला. भैयाजींनी माझ्या हातातला पाना काढून घेतला, बोल्ट उलटा फिरवून बाहेर काढला, फडक्याने पुसून पुन्हा माझ्या तळहातावर ठेवला.

“पहिले तीन आटे हातानं,” ते म्हणाले. “मग पाना. हातानं बसत नसेल तर तो बसायचाच नाहीये. पाना लावून बसवाल तर आटे जातील, मग बोल्टही गेला आणि भोकही गेलं.”

हे त्यांचं वेदवाक्य. गाडीपुरतं ते कधीच राहिलं नाही. समोरच्या तिवारींच्या मुलाने लग्नानंतर पंधरा दिवसांत सासऱ्यांशी भांडण काढलं, तेव्हा भैयाजींचा निकाल तोच, पहिले तीन आटे हातानं बसवायला पाहिजे होते. आईने माझ्यासाठी स्थळ बघितलं आणि मी फोनवरच होकार देऊन टाकत होतो, तर यांनी खालून ओरडून तेच ऐकवलं. मी तीनदा जाऊन मुलीला भेटलो. बोल्ट बसला. आता आम्ही दोघं वर राहतो, आणि माझी बायकोही पोळी लाटायच्या आधी डबा हलवून बघते की आत खुळखुळतंय का.

पोर्चच्या भिंतीवर त्यांनी काळा रंग फासून फळा केला होता. चाळीस वर्षं हातात खडू होता, तो सुटला नव्हता. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवसापासून रोज सकाळी तिथे गाडीच्या तब्येतीची एक ओळ. ‘आज दोनदा खोकली.’ ‘आज प्रसन्न.’ ‘आज रुसली, कारण दिलं नाही.’ दूधवाला दूध घालायच्या आधी ती ओळ वाचायचा आणि त्याप्रमाणे चेहरा करायचा.

मे महिन्यात झाशी तापते तेव्हा माणसं दुपारी दार लावून पडून राहतात. भैयाजींनी खशाचा, म्हणजे वाळ्याचा, पडदा विकत आणला आणि पोर्चला लावला, कारण उन्हाने दारांचं रबर तडकतं. दर तासाला उठून त्यावर पाणी मारायचे. बैठकीच्या खिडकीला नुसतं पोतं होतं. काकू आपली परात घेऊन पोर्चमध्येच भाजी निवडायला बसू लागल्या. म्हणाल्या, या घरात थंड हवा खायची तर गाडीच्या ओळखीने खावी लागते.

जो भाग मिळत नसे तो ते करवून घेत. बिजौलीला एका छोट्या कारखान्यात लेथ चालवणारे एक म्हातारे मिस्त्री होते. भैयाजी स्कूटरवर जुना तुकडा घेऊन जात, तो मिस्त्रींसमोर ठेवत, आणि दोघे एखादं लहान मूल झोपलेलं असावं तसे त्याच्याकडे बघत राहत. तास-दीड तास. मग मिस्त्री म्हणत, “हो जाएगा मास्साब, मगर जल्दी मत करना.” घाई करू नका असं भैयाजींना सांगणारा जगात हा एकच माणूस.

त्यांचा मुलगा नितीन पुण्याला असतो. दर रविवारी फोन. गाडी भंगारात द्या, मी नवी घेऊन देतो, एसीची, आईला आराम मिळेल. भैयाजी म्हणायचे, “बघू.” शेवटी नितीनने मला फोन करून गळ घातली की तुम्ही इंजिनियर आहात, तुमचं ऐकतील. मी एका रविवारी भाषण केलं. धातूला थकवा येतो, जुन्या गाडीचा भरवसा नसतो, या वयात एवढी दगदग कशाला, वगैरे. भैयाजींनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि कार्बोरेटर धुवायला माझ्या हातात दिला. तो मी धुतला.

या हिवाळ्यात गाडी एकदाची एकत्र झाली. बैठकीतली सीट गेली आणि घरात चार खुर्च्या आल्या. पण जुन्या गाडीची नोंदणी पुढे चालवायची तर ती तपासून घ्यावी लागते, आणि ती मुदत मार्चमध्ये संपत होती. पास झाली तर पाच वर्षं निश्चिंती. नापास झाली तर पोर्चमधली शोभा. तारीख मिळाल्यापासून भैयाजी दिवसभर गाडीखालीच. फळ्यावर तीन दिवस एकच ओळ होती, ‘डावा मागचा ब्रेक.’ काकूंनी मला हळूच सांगितलं की ते जेवत नाहीयेत, नुसता वरणभात चिवडतात. मी अर्धी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेलो.

परिवहन कार्यालयाच्या मैदानात आमच्या पुढे दोन ट्रॅक्टर होते. तपासणारा अधिकारी तिशीचा, सभ्य. त्याने दिवे बघितले, लागले. वायपर बघितले, फिरले. ब्रेक लावायला सांगितला, गाडी जागच्या जागी थांबली आणि डावा मागचा ब्रेक इतरांच्या बरोबरीने वागला. मग तो म्हणाला, हॉर्न बजाइए.

भैयाजींनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मैदानात एक चिमणी बोलली तेवढीच.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं पोरांना नापास करणारा हा माणूस फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरासारखा दिसत होता. अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला की मागची गाडी बघून येतो, तोवर काही होत असेल तर करा, नाहीतर दुसरी तारीख घ्या.

मी पाना काढला. भैयाजी नको म्हणाले. बॉनेट उघडून ते वाकले आणि एकेक वायर नुसत्या बोटांनी चाचपत गेले. मी मोबाइलचा दिवा धरायला पुढे झालो तर म्हणाले, दिवा नको, हाताला कळतं. शेवटी गाडीच्या पत्र्याला जोडलेली एक वायर त्यांच्या बोटांत आली. तिचा स्क्रू रस्त्याच्या हादऱ्यांनी ढिला झाला होता. त्यांनी तो नखाने फिरवून घट्ट केला आणि मला मानेने खूण केली. मी बटण दाबलं. हॉर्न असा वाजला की ट्रॅक्टरवाला दचकून बाजूला झाला.

अधिकारी लांबूनच हसला आणि त्याने कागदावर सही केली.

भैयाजींनी कागद घेतला, दोनदा वाचला, घडी घालून छातीच्या खिशात ठेवला. मग बॉनेटवर दोन्ही हात टेकून बराच वेळ खाली मान घालून उभे राहिले. मी विचारलं, बरं वाटत नाहीये का. ते म्हणाले, “नाही जी. श्वास घेऊन राहिलोय. तीन दिवसांचा बाकी होता.”

मला वाटलं, आता मिठाई. घराशी आलो तर दारात काकू उभ्या. अंगावर ठेवणीतली निळी साडी, हातात कापडी पिशवी, पायात चपला. सकाळपासून तशाच तयार असाव्यात. भैयाजींनी इंजिन बंद केलं, पाण्याची किटली आणली आणि रेडिएटर बघू लागले. मी काकूंना विचारलं, कुठे निघालात.

“चिरगावला. आक्काकडे.”

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. कंबरेचं हाड मोडून तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली, हे मला माहीत होतं. चिरगाव कानपूरच्या रस्त्याला, बसने तासाभराचं. काकू तिकडे का जात नाहीत, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी आता पदर नीट करत, हलक्या आवाजात सांगितलं. बसच्या वासाने त्यांना उलट्या होतात. बंद काचांच्या गाडीत तर जी घाबरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आक्का पडली तेव्हा नितीनच्या गाडीतून निघाल्या होत्या, आणि अर्ध्या वाटेत बेशुद्ध झाल्या. तिथूनच परत आणावं लागलं. लग्न होऊन आल्यापासून सोसते ती ही एक गाडी, सासऱ्यांची. तिच्या पुढच्या दाराची छोटी तिकोनी काच उघडली की वारा सरळ तोंडावर येतो.

“म्हणजे भैयाजी हे सगळं...” मी म्हणालो.

“मला म्हणाले, निवृत्तीनंतर वेळ जात नाही, म्हणून गाडी सुधारतो.” काकूंनी किटलीवर वाकलेल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं. “‘तुझ्यासाठी’ म्हणाले असते तर मी नको म्हटलं असतं. एवढा त्रास कशाला, म्हणून. ते त्यांना ठाऊक आहे. मला कळू नये असं त्यांना वाटतं, म्हणून मी कळून घेत नाही.”

रस्त्यात ढकलायची वेळ आली तर माणूस हवा, म्हणून मला मागे बसवलं. काकू पुढे बसल्या. भैयाजींनी स्वतः त्यांच्या बाजूची तिकोनी काच उघडली, वाऱ्याचा अंदाज घेतला, जरा कमी केली, पुन्हा जरा वाढवली. मग निघालो. काकूंनी पिशवीत लिंबू आणलं होतं, ते मुठीत धरून बसल्या होत्या. शहर सुटेपर्यंत भैयाजी रस्त्याकडे कमी आणि त्या लिंबाकडे जास्त बघत होते.

बेतवाचा पूल आला तोवर काकूंची मूठ सैल झाली होती. लिंबू मांडीवरून घरंगळून खाली पडलं आणि त्यांनी उचललं नाही. त्या झोपल्या होत्या. डोकं दाराला टेकलेलं, पांढरे केस वाऱ्याने उडत होते. भैयाजींनी वेग आणखी कमी केला. मागून ट्रक हॉर्न देऊन, शिव्या देऊन पुढे जात होते. भैयाजी खड्डे असे चुकवत होते जसं काही मागच्या सीटवर काचसामान आहे. मागच्या सीटवर मी होतो, तेव्हा ते माझ्यासाठी नसणार.

चिरगावला आक्कांच्या दारासमोर गाडी थांबली. आक्कांचा मुलगा प्रकाश धावत बाहेर आला. भैयाजींनी खिडकीतून हात काढून त्याला थांबवलं. इंजिन त्यांनी चालूच ठेवलं. उभ्या गाडीचं इंजिन तापतं, काटा हळूहळू वर सरकत होता. भैयाजी काट्याकडे बघत, मग काकूंकडे, आणि किल्लीकडे गेलेला हात परत मागे घेत. मी दार उघडायला गेलो तर त्यांनी आरशातून नुसती मान हलवली.

काकूंनी डोळे न उघडताच विचारलं, “आलं का चिरगाव?”

समोर आक्कांचं दार सताड उघडं होतं. आतली खाट दिसत होती.

“येतंय,” भैयाजी म्हणाले. “झोप तू जरा.”