हरिभाऊंचा तळहात

आमच्या काचीगुड्याच्या अपार्टमेंटमध्ये संध्याकाळी कुणाच्या स्कूटरवर हात ठेवून उभा असलेला म्हातारा दिसला, तर चोर समजू नका. ते हरिभाऊ. इंजिन गरम की गार हे तळहाताने बघून कोण घरी आलंय ते जाहीर करतात. "दुसऱ्या मजल्याचा आत्ताच आला. तिसऱ्याचा सकाळपासून घरीच. नोकरी गेली काय की!"

आम्ही पुण्याहून इथे आलो त्याच आठवड्यात त्यांनी माझी गाडी चाचपली. "काही हवंय का?" मी विचारलं.

"नक्को. ओळख करून घेतोय." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हरिभाऊ निवृत्त खगोलशास्त्रज्ञ. आपल्या आकाशगंगेत क्ष-किरणांचे मंद ठिपके दिसतात. ते कुठल्या ताऱ्याचे, हे मधल्या धुळीमुळे साध्या दुर्बिणीला कळत नाही. अवरक्त, म्हणजे उष्णतेचे किरण धुळीतून पार येतात, म्हणून त्या चित्रात ठिपक्याचा मालक शोधायचा. यात गृहस्थाचा जन्म गेला. एकेका ठिपक्यावर दहा-दहा तारे हक्क सांगतात. हरिभाऊ त्यांना 'उमेदवार' म्हणतात आणि निवडून कुणालाच देत नाहीत. "योगायोग असू शकतो," हे ठरलेलं वाक्य. माझ्या बायकोने पाठवलेली भरली वांगी खाऊन म्हणाले, "छान झालीत. योगायोग असू शकतो." ती आठवडाभर धुमसत होती.

त्यांच्या घरात बोटभर धूळ. पुसा म्हटलं तर म्हणायचे, "धुळीनं आमचं काय अडतं?"

यंदा मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि माझ्या अंगात वारं शिरलं. पार्किंगच्या कोपऱ्यात एक स्कूटी धूळ खात पडली होती. बिल्डिंगमध्ये बहुतेक सगळे नवे, वॉचमनही नवा. "किसकी है की, मालूम नै साब," म्हणाला. मी बेवारस गाड्यांची नोटीस लावली. महिनाभर कुणी फिरकलं नाही, तेव्हा एका संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलं.

त्याने हँडल धरलं मात्र, जिन्यावरून बनियनवर हरिभाऊ धावत आले. "हात नक्को लावू!"

"हरिभाऊ, नोटीस वाचली नाहीत?"

"वाचली की. बेवारस गाड्यांची होती ती."

"मग ही कुणाची?"

त्यांनी माझा हात धरून इंजिनावर ठेवला. वर धुळीचा थर, आणि इंजिन गरम.

"सुमनची, माझ्या बायकोची," ते म्हणाले. "बँकेतून पावणेसहाला यायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. रोज साडेपाचला, वॉचमन पाणी सोडायला गच्चीवर गेला की दहा मिनिटं चालू करून ठेवतो. मग तुमच्या सगळ्यांच्या गाड्या बघत बघत शेवटी हिच्यापाशी येतो."

मला माझी, माझ्या नोटिशीची लाज वाटली. भंगारवाल्याला मी परत पाठवला.

हरिभाऊंनी इंजिनावर तळहात टेकला. "आली," म्हणाले, आणि योगायोगाचं नावही न काढता चहा टाकायला वर गेले.