भुजंगराव रेड्यांचा पूल

एका जंगलात एक डबकं होतं.

बाळांनो, आत्ताच नाकं मुरडू नका. डबकं म्हटलं की तुम्हांला डास आठवतात, कारण शाळेत बाईंनी भिंतीवर तसा तक्ता लावलाय. हे डबकं तसलं नव्हतं. वरच्या खडकातून झऱ्याची बारीक धार यायची, ती इथे साठायची. खाली लोण्यासारखा मऊ चिखल, वर करंजाची सावली आणि काठाला बेडूक. बेडूक डास खायचे, म्हणून डास नव्हते. तक्त्यावर हे लिहीत नाहीत.

त्या डबक्यात गजरा नावाची म्हैस बसायची. सकाळी चरून आली की जी बसायची ती उन्हं कलेपर्यंत. फक्त नाक आणि शिंगं वर. म्हशीला घाम फारसा येत नाही, बाळांनो. देवानं तिला काळं कातडं दिलं, घाम द्यायला विसरला, आणि भरपाई म्हणून चिखल दिला. त्या वर्षी तर गजरा पोटुशी होती. ऐन वैशाखात दिवस भरत आलेले. ती चिखलात बसली की पोटातलं रेडकू आतून ढुशी द्यायचं. गजरा डोळे मिटून म्हणायची, "बस बाबा, तू पण बस."

तिचे धनी भुजंगराव. भारदस्त रेडे. मनानं वाईट नव्हते हो, पण दुसऱ्याचं बघून आले की त्यांचं जेवण उडायचं. एकदा ते टेकडीपलीकडे आपल्या धाकट्या चुलतभावाकडे, गव्याकडे, जाऊन आले आणि कडब्याला तोंड लावेनात.

"अहो, झालं काय?" गजरानं विचारलं.

"गव्याकडे पूल आहे."

"पूल? त्यांच्याकडं तर नाला पण नाही."

"अगं तसला नव्हे! डुंबायचा पूल. मोठ्या टाकीत निळं पाणी असतं. शहाणे लोक त्याला नुसतं पूल म्हणतात."

"मग आपल्याकडं डबकं आहे की."

"हळू बोल!" भुजंगरावांनी मागे वळून बघितलं. "धाकटा असून त्याच्याकडे पूल, आणि मी थोरला चिखलात! लोक म्हशी म्हणतील आपल्याला."

"आपण म्हशीच आहोत," गजरा म्हणाली. पण हे वाक्य भुजंगरावांनी ऐकलं नाही. असली वाक्यं नवरे ऐकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पूलतज्ज्ञ बगळेसाहेब आले. पांढरेशुभ्र. जन्मभर पाण्यात उभे, पण अंगावर एक शिंतोडा नाही. ते एका पायावर उभे राहून सल्ला देत. दोन्ही पाय टेकले की जबाबदारी येते, असं त्यांचं मत होतं.

त्यांनी पत्र्याची एक भली मोठी गोल टाकी दाखवली. आता या टाकीची गंमत ऐका. माणसांनी ती बनवली गुरांना पाणी पाजायला. मग एका माणसाला उकडलं, तो तीत बसला. त्याचं बघून दुसरा बसला. माणसं बसतात म्हटल्यावर गुरांना वाटलं, अरे, ही तर फार उंची वस्तू दिसते!

"जागा मात्र अगदी सपाट लागते," बगळेसाहेब म्हणाले. "जरा कलती झाली तर पाण्याचा भार एका बाजूला येतो."

भुजंगरावांची जागा म्हणजे सगळा उतार. खाली तर पाच हात रुंद, पुरुषभर खोल कोरडा नाला. सपाट अशी एकच जागा होती.

"हे डबकं बुजवा," बगळेसाहेब म्हणाले.

गजरा पुढे झाली. "आणि मी बसू कुठं?"

"पुलात!" भुजंगराव म्हणाले. "अगं, तुझ्यासाठीच तर आणतोय."

बगळेसाहेब कशाची फी घेत नव्हते. फार सज्जन. "फक्त ते बेडूक मी काढून नेईन," ते म्हणाले. "बेडूक म्हणजे अस्वच्छता." आणि तिथेच त्यांनी एक अस्वच्छता गिळली.

मग काय! डबक्यात माती लोटली, खुरांनी तुडवली, वर वाळू पसरली. त्यावर टाकी बसवली. झऱ्याची धार बांबूच्या पन्हळीनं टाकीत वळवली. चार दिवसांत टाकी भरली, आणि भुजंगरावांनी जंगलभर निरोप धाडला: आमच्याकडे पूल झाला आहे, येऊन जावे.

पहिली आली ती शेवंताबाई. ही एक म्हातारी शेळी. तिची लेक नाल्यापलीकडे दिलेली होती. पूर्वी शेवंताबाई एका उडीत पलीकडे जायची, पण दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि लेकीचं तोंड दिसेनासं झालं. ती बोचकं बांधून, नातवंडांना कोवळा पाला घेऊन, लंगडत आली.

"भुजंगराव, पुण्य लागेल हो तुम्हांला! कुठाय पूल?"

"हा काय समोर."

शेवंताबाईनं टाकीला एक फेरी मारली. "याच्यावरून पलीकडं कसं जायचं?"

"वरून नाही जायचं. आत उतरायचं."

"पुलाच्या आत?"

"हो."

"आणि मग निघायचं कुठं?"

"जिथून उतरलात तिथूनच."

शेवंताबाईनं टाकीला आणखी एक फेरी मारली. "मग तो पूल कसला मेला," ती म्हणाली, आणि बोचकं उचलून परत गेली. गजराला तिच्या पाठीकडे बघवेना.

त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. गजरा पुलाकडे निघाली.

"थांबा!" बगळेसाहेब ओरडले. "पायांना चिखल आहे. पुलात उतरण्याआधी अंघोळ करावी लागते."

"कुठं करू?"

"पूर्वी कुठं करत होता?"

"डबक्यात."

"मग तिथं करून या."

हसू नका, बाळांनो. तुमच्या घरीही असे नियम असतील, फक्त ते तुम्हांला पाठ झालेत.

दुसऱ्या दिवशी करंजाची फुलं पाण्यात पडली. भुजंगराव दातांत जाळी धरून पहाटेपासून फुलं वेचत होते. जेवढी काढली तेवढीच परत पडली. तेव्हा बगळेसाहेबांच्या सल्ल्यानं करंजाच्या फांद्या छाटल्या. फुलं थांबली. सावलीही गेली. सावली गेल्यावर पाणी तापलं, तापल्यावर हिरवं झालं, आणि कडेला बुळबुळीत शेवाळ धरलं. मग पांढऱ्या गोळ्या आल्या.

"गोळ्या टाकल्यावर दोन दिवस कुणी उतरायचं नाही," बगळेसाहेब म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी पाण्यात कागदाची पट्टी बुडवली. ती जांभळी झाली. जांभळी म्हणजे गोळ्या जास्त. आणखी दोन दिवस. मग ती पिवळी झाली. पिवळी म्हणजे कमी. पुन्हा गोळ्या. बरोबर रंग कोणता, ते बगळेसाहेबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

बेडूक नव्हते, त्यामुळे डास आले. डास आले म्हणून टाकीवर झाकण आलं. म्हणजे आता पूल दिसतही नव्हता. पण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि भुजंगरावांना तेवढं पुरत होतं.

एक गोष्ट मात्र कळेना. धार चालू असूनही पाणी रोज चार बोटं खाली जात होतं.

"कुठंतरी पाणी मुरतंय," गजरा म्हणाली.

"माझ्यावर संशय घेता?" बगळेसाहेब भडकले.

"तुमच्यावर नाही हो. टाकीखाली. माती ओली लागतेय पायाला."

पण पूलतज्ज्ञासमोर म्हशीचं कोण ऐकतो!

गजराच्या पाठीला आता भेगा पडल्या होत्या. कान गळलेले, जीभ बाहेर. ती चाऱ्याला तोंड लावत नव्हती. सगळ्यांत वाईट म्हणजे, पोटातली ढुशी मंदावली होती. पूर्वी दिवसातून दहादा यायची. आता सकाळी एकदा, तीही जेमतेम. गजरा भ्याली. खरंच भ्याली.

"अहो," ती म्हणाली, "पोर हलत नाही. मला पाण्यात बसू द्या."

भुजंगरावांचं तोंड उतरलं. त्यांनी पुलाकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पुलाकडे. "उद्या गवा बघायला येतोय गं. एवढं पाणी एकदाचं निळं झालंय. त्यानं एकदा बघू दे. तो गेला की उतर. आईशप्पथ सांगतो."

एवढे दिवस पाणी दोन हातांवर असून गजरा तहानलेल्यासारखी उभी होती, आणि नवऱ्याला त्या पाण्यात फक्त गवा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता गवा आला. अर्धं जंगल जमलं. शेवंताबाईही बोचकं घेऊन आली. पूल नाही तर नाही, पाहुणचाराला गूळपेंड होती. झाकण काढलं. पाणी काय दिसत होतं! निळं, स्वच्छ, तळाचा पत्रा दिसेल असं. बगळेसाहेबांनी भाषण सुरू केलं. स्वच्छता म्हणजे काय, पाण्याची शिस्त म्हणजे काय, आपल्या समाजाला ती का नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते त्या दिवशी सगळ्यांनी कानांनी ऐकलं.

गजरा उन्हात उभी होती. सकाळपासून पोटात काही हललं नव्हतं. तिनं वाट बघितली. भाषण संपेना. ढुशी येईना.

"अहो," ती मोठ्यानं म्हणाली, "मी चालले."

"कुठं?" भुजंगरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

"पाण्यात."

"गजरे, पाहुणे आहेत! पाय तरी पूस!"

गजरानं पाय पुसले नाहीत. तिनं पुढचे दोन्ही खूर टाकीच्या काठावर ठेवले आणि सगळा भार टाकला. दोन जिवांचा भार, बाळांनो. खालची माती इतके दिवस पाणी पिऊन फुगली होती. ती एका बाजूनं भस्सकन खचली. टाकी कलली. आणि मग ते सगळं निळं, शिस्तीचं पाणी धो धो करत बाहेर आलं ते थेट बुजवलेल्या डबक्यावर, आणि वरची वाळू-माती धुऊन घेऊन गेलं.

रिकामी टाकी आपल्याच गोल काठावर उभी राहिली. तिथून चाकासारखी गडगडत उतारानं निघाली. बगळेसाहेब दोन्ही पाय उचलून उडाले. टाकी नाल्याच्या तोंडाशी गेली, दोनदा डुलली आणि दोन्ही काठांवर टेकून धाडकन उपडी पडली.

भुजंगराव जाळी शिंगाला अडकवून उभे होते. समोर डबकं होतं. अगदी जुनं, काळं, मऊ डबकं. त्यात गजरा आडवी पसरली होती, फक्त नाक आणि शिंगं वर. ते धावत काठाशी गेले.

"गजरे! गजरे, बोल की काहीतरी!"

गजरानं डोळे मिटले होते. कितीतरी वेळ ती तशीच राहिली. मग तिचं पोट एका बाजूनं टुणकन उचललं गेलं.

"हललं," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

भुजंगरावांच्या शिंगावरून जाळी पडली. ते अंघोळबिंघोळ न करता सरळ चिखलात उतरले आणि तिच्या शेजारी बसले. "चुकलो गं," ते म्हणाले. एवढ्या लोकांसमोर म्हणाले, हे विशेष.

तेवढ्यात नाल्याकडून पत्रा वाजल्याचा आवाज आला. टण टण टण टण. शेवंताबाई बोचकं घेऊन उपड्या टाकीवरून पलीकडे चालली होती. मधोमध थांबून ती वळली.

"भुजंगराव! आता झाला हो पूल!" आणि ती लेकीकडे गेली.

राहिला गवा. तो बराच वेळ इकडे तिकडे बघत होता. मग हळूच काठाशी आला आणि वाकून म्हणाला, "वहिनी, एक सांगू? कुणाला बोलू नका. आमच्या पुलाला तीन वर्षं झाली. आम्ही अजून उतरलो नाही. आधी अंघोळ करावी लागते."

"या भावोजी," गजरा म्हणाली आणि थोडी सरकली.

गवा बसला. बसताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून सगळं जंगल हेलावलं. आणि आता एवढा मोठा गवा डबक्यात बसला म्हटल्यावर काय विचारता! हरणं सरसावली, रानडुकरांनी छाती पुढे काढली, जो तो विचारू लागला, हे नक्की काय आहे?

करंजाच्या शेंड्यावरून बगळेसाहेबांनी घसा साफ केला.

"याला मातीस्नान म्हणतात," ते म्हणाले. "फार वरच्या दर्जाची गोष्ट आहे. घरी करता येते. मात्र त्यासाठी आधी एक टाकी घ्यावी लागते. ती जागा सपाट करून बसवायची, दोन महिने नियमानं जपायची, आणि मग माझ्या देखरेखीखाली उलटायची."

त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे सतरा जणांनी नावं नोंदवली. त्यांतल्या अकरा जणांच्या घरी डबकं आधीपासूनच होतं. ते त्यांनी बुजवायला घेतलं.

तात्पर्य: चिखलात लोळायचंच असेल, तर आधी घरी पूल आणावा, तो जिवापाड जपावा, आणि मग फोडावा. नुसतंच लोळलं, तर लोक म्हैस म्हणतात.