साळवेकाका आणि दुसऱ्या गिअरमधला गचका

साळवेकाकांच्या गाडीत लिफ्ट फुकट मिळत नाही. पुढच्या सीटवर बसलात, की पट्टा लावायच्या आधी मांडीवर लॅपटॉप येतो. त्याची वायर पायाशी मॅटखाली कुठेतरी शिरलेली असते. काका म्हणतात, "पाय मागे घे, खाली वायरिंग आहे. तो हिरवा आकडा दिसतोय ना? मोठ्याने वाचत राहा." मग सोसायटीच्या गेटपासून मेट्रो स्टेशनपर्यंत आपण "चौदा पॉइंट सात, चौदा पॉइंट पाच, पंधरा" असं म्हणत जायचं. मध्येच हवापाण्याचं काही बोललात तर काका म्हणणार, "आकडा गेला ना." पहिल्या दिवशी मी मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर उभी राहूनही तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होते. शेजारची बाई एक पायरी वर सरकली.

हा आकडा म्हणजे इंजिनात हवा आणि पेट्रोल कुठल्या प्रमाणात मिसळतंय, त्याचा. हे प्रमाण ठरवायला प्रत्येक गाडीत कॉम्प्युटरचा एक डबा असतो. तो असतो हे आपल्याला माहीत नसतं, आणि तेच बरं असतं. काकांच्या गाडीतला डबा गुरुग्रामच्या रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात बुडाला. वर्कशॉपवाले म्हणाले, या मॉडेलचा डबा आता येत नाही, गाडी बदला. काकांनी सगळी नोकरी विजेच्या खात्यात इंजिनियर म्हणून केलेली. कुणी "बदला" म्हटलं की त्यांना दुरुस्तीची उबळ येते. त्यांनी बाहेरून दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा डबा मागवला. हा डबा आतून कोरा येतो. इंजिनाने कधी किती पेट्रोल प्यायचं आणि कधी ठिणगी टाकायची, हे सगळं मालकाने बसून भरायचं. तेव्हापासून काका बेसमेंटमध्ये बॉनेटखाली आणि काकू दहाव्या मजल्यावर, अशी त्यांच्या संसाराची विभागणी झाली.

मी विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम बघते. माणसं आपल्या गाडीबद्दल किती सफाईने खोटं बोलतात हे मला माहीत असल्यामुळे काकांचं आणि माझं जमलं. काकांचा माणसाच्या शब्दावर विश्वास नाहीच. त्यांना लॉग लागतो, म्हणजे गाडी चालताना लॅपटॉपने टिपलेली नोंद. एकदा मी म्हटलं, "काका, सकाळपासून डोकं दुखतंय." काका म्हणाले, "लॉग आहे का? चढावर दुखतं की उतारावर?" आणि कुठलीही गोष्ट बिघडली की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी अर्थिंग बघा." लिफ्ट अडकली, अर्थिंग बघा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून दोन गट हातघाईवर आले होते, तेव्हाही काका उठून म्हणाले, "पहले अर्थिंग चेक करो," आणि खाली बसले. कुणालाच काही कळलं नाही. पण भांडण थांबलं.

असे डबे खरं तर वेगाच्या शौकिनांचे. आमच्या सोसायटीतले चोप्रा त्यातले. त्यांची लाल गाडी बेसमेंटमधून निघाली की चौथ्या मजल्यापर्यंत काचा हलतात. ते एकदा मोठ्या आदराने काकांना भेटायला आले.

"अंकल, आपकी कितने पे जाती है?"

"बीस पे," काका म्हणाले.

"दो सौ बीस?"

"बीस. सेकंड गिअर में. बिना झटके के."

चोप्रा बराच वेळ त्या जुन्या गाडीकडे बघत राहिले आणि मग "बढ़िया है अंकल" म्हणून निघून गेले.

पण काकांचं सगळं घोडं अडलं होतं ते तिथेच, विसाच्या वेगात. कारण होत्या सुलभाकाकू. काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं बाहेर जाणं संपलं. उंच गाडीत त्यांना चढता येत नाही, मेट्रोत उभं राहवत नाही, आणि कॅबवाले ब्रेक मारतात ते साऱ्या जगावर सूड उगवल्यासारखे. या एका गाडीची सीट तेवढी त्यांच्या कमरेच्या उंचीची. काकूंची मोठी बहीण, आक्का, दिल्लीत करोल बागेत राहते. तिचे गुडघे गेलेले, तिला घराबाहेर पडवत नाही. दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात आणि रोज "एकदा भेटू" म्हणून फोन ठेवतात. काकूंना एकही गचका न बसू देता करोल बागेला न्यायचं, एवढंच काकांना हवं होतं.

आणि नेमका गचका बसायचा तो काकूंनाच. मी बसले की गाडी लोण्यासारखी चालायची. वॉचमनला बसवलं, तरी तेच. काकू बसल्या की गेटच्या बाहेर पडेपर्यंत इंजिन क्षणभर मरायचं आणि पुन्हा धरायचं. काकूंच्या तोंडून "आई गं" निघायचं आणि गाडी परत बेसमेंटमध्ये. काकांनी पेट्रोलचे आकडे बदलले, ठिणगीची वेळ बदलली, सेन्सर बदलले. मग त्यांना वाटलं, वजनाचा काही संबंध असेल. त्यांनी काकूंच्या वजनाची आट्याची पोती पुढच्या सीटवर ठेवली, त्यांना पट्टा लावला आणि सेक्टरभर फिरवून आणली. पोत्यांना काहीही त्रास झाला नाही. वॉचमन मला म्हणाला, "मॅडम, अंकल आटे को घुमाने ले गए थे."

काकूंनी हे पाहिलं असणार. रविवारी चर्चहून आल्यावर मी वर गेले, तेव्हा त्या काकांना सांगत होत्या, "आज शेवटचं बसते. आज गचका बसला तर मी पुन्हा त्या गाडीत पाय ठेवणार नाही. आक्काचं काय, फोन आहे ना."

काकांनी लॅपटॉप माझ्या हातात दिला. काकूंच्या मांडीवर तो ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे मी मागे बसले, मधोमध. काकूंना पाय मागे घ्यायला काकांनी कधी सांगितलं नव्हतं. ऑपरेशन झालेल्या बाईला अवघडून बसवायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

गाडी रॅम्प चढून गेटपाशी आली. समोरून एक ई-रिक्षा आडवी शिरली आणि माझा आकडा पडद्यावरून गायब झाला. गचका बसला. मी मान वर केली तेव्हा मला काकूंचा उजवा पाय दिसला. त्यांनी तो सरळ ताणून मॅटवर घट्ट दाबून धरला होता.

"काकू, तुम्ही पाय कशावर दाबताय?"

"ब्रेकवर," काकू म्हणाल्या. मग त्यांनाच ते कसंसं वाटलं असावं. "म्हणजे, तिथे ब्रेक नाही ते कळतं गं मला. पण पाय जातो. ऑपरेशन झाल्यापासून समोर काही आलं की वाटतं, आता कंबर गेली."

काका उतरले, फिरून काकूंच्या बाजूला आले आणि मॅट उचलली. डब्याची अर्थिंगची वायर बरोबर त्यांच्या टाचेखालून जात होती आणि तिचा स्क्रू सैल होता. पाय दाबला की वायर सुटायची, डबा क्षणभर बंद पडायचा, गचका बसायचा. गचका बसला की काकू पाय आणखी जोरात दाबायच्या. साऱ्या गावाला अर्थिंग बघायला सांगणाऱ्या माणसाची अर्थिंग त्याच्या बायकोच्या पायाखाली सैल होती. मला हसू यायला हवं होतं. पण काका त्या स्क्रूकडे बघतच नव्हते. ते काकूंच्या पायाकडे बघत होते.

"इतके दिवस भीती वाटत होती?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही एवढं करत होता," काकू म्हणाल्या. "कसं सांगणार?"

वायर त्यांनी त्याच दुपारी दुसरीकडून नेली. त्यानंतर काही दिवसांनी कश्मीरी गेटच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून ते एक लोखंडी वस्तू घेऊन आले. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाशी जादा ब्रेक असतो, तो. तो त्यांनी काकूंच्या पायाशी बसवून घेतला. मी म्हटलं, "काका, वायर तर नीट झाली, आता गचका बसत नाही. मग हा कशाला?"

"वायर झाली गं नीट," काका म्हणाले. "तुझी काकू कुठे झालीये?"

ज्या माणसाने आजवर गाडीतलं एक बटणही कुणाला दाबू दिलं नव्हतं, त्याने निम्मी गाडी बायकोच्या पायाखाली दिली.

करोल बागेला आम्ही पोहोचलो. दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या, चहा झाला, मला जुने फोटो दाखवून झाले. पण माझ्या मनात राहिलाय तो जातानाचा पटेल नगरचा सिग्नल. वाटेत काकूंनी ब्रेक दाबायची एकही संधी सोडली नव्हती. रिक्षा दिसली, ब्रेक. लांबवर गाय दिसली, ब्रेक. त्या सिग्नलला हिरवा दिवा लागला आणि काकूंनी ब्रेक दाबून धरला. मागे हॉर्न सुरू झाले. एक स्कूटरवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "अंकल, चलो यार, सो गए क्या?"

काकांनी काच खाली केली. "ब्रेक मैडम के पास है, भाई. थोड़ा रुक जाओ," असं सांगून काच पुन्हा वर केली. मी मागे बसून बाहेर बघत राहिले. दिवा परत लाल झाला.

"उशीर होतोय का हो?" काकूंनी विचारलं. त्यांचा पाय अजून ब्रेकवरच होता.

"नाही," काका म्हणाले. "तू पाय उचललास की निघू."