मालकाले विचारलं का?

आमचे भासरे गाईशी बोलत, पण तिचे दूध पीत नसत.

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोने त्यांच्याशी बोलायचे नाही, ही आमच्याकडची रीत. नावसुद्धा घ्यायचे नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. ज्या महिन्यात सगळे लोक मटण-मासळी सोडतात, तेच त्यांचे नाव, एवढे सांगते. सासूबाई म्हणत, "नाव ठेवतानाच चुकलं. आषाढ ठेवलं असतं तर पोरगा धड जेवला असता."

आमचे हे धानाच्या मिलमध्ये कामाला. सासूबाई दुपारी शेजारी बसायला जात. मग घरात उरायची मी, भासरे आणि अंगणातली कपिला गाय. भासरे अंगणात उभे राहून म्हणायचे, "कपिले, घरात सांग, भाजीत मीठ कमी हाये." मी दाराआडून म्हणायची, "कपिले, सांग त्यायले, मिठाची वाटी ताटापाशीच हाये." कपिला रवंथ करत दोघांकडे पाहायची. बिचारीने कधी कोणाचा निरोप फिरवून सांगितला नाही.

आधी ते उकव्याला मँगनीजच्या खाणीत मजुरांची हजेरी घेत. त्यांची बायको लग्नाच्या वर्षातच तापाने गेली, त्यानंतर सात-आठ वर्षे तिकडे जंगलात एकटेच राहिले. मग नोकरी सोडून बालाघाटला घरी आले. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी कपात वाकून पाहिले आणि विचारले, "मालकाले विचारलं का?"

"कोण्या मालकाले?"

त्यांनी खुंट्याला बांधलेल्या वासराकडे बोट केले. "दूध त्याचं हाये."

सासूबाई म्हणाल्या, "खाणीत डोक्यावर दगड पडला काय रे बापू तुह्या?"

दगड पडला नव्हता. कोणी गुरू भेटला नव्हता, पोथीही वाचली नव्हती. विचार कधीतरी डोक्यात शिरला आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिला.

तेव्हापासून आमच्या घरात मालक शोधणे सुरू झाले. मध आणला, तर माशीला विचारलं का. अंडे आणले, तर कोंबडीला विचारलं का. थंडीत सासूबाईंनी घोंगडी दिली, तर मेंढीला विचारलं का. त्यांनी गोधडीवर गोधडी घेतली आणि माघ महिना दात वाजवत काढला. चामड्याच्या चपला दान केल्या आणि टायरच्या घेतल्या. त्यांचा आवाज असा यायचा, की गल्लीत सायकल पंक्चर झाली असे वाटून लोक बाहेर पाहत. भजनात ते ढोलकी छान वाजवत, तीही सोडली, कारण ढोलकीला कातडे. टाळ घेतले. टाळात त्यांना काही गती नव्हती. भजनी मंडळी आमच्या यांना येऊन म्हणाली, "तुमच्या भावाले समजवा. बकऱ्याचं एकडाव झालं, आमचं दर गुरुवारी होऊन राह्यलं."

गाईचे दूध घरात बाकीचे प्यायचे, त्याला त्यांची ना नव्हती. अट एकच, वासराने तोंड फिरवल्याशिवाय सडाला हात लावायचा नाही. वासरू हुशार निघाले. आपल्याला घरात इज्जत आहे हे कळल्यावर ते तोंड फिरवीच ना. सासूबाई तपेली घेऊन तासभर बसायच्या आणि वासराला अशा शिव्या द्यायच्या, की मला इथे लिहिता येत नाहीत.

एकदा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने त्यांना बरोबर पकडले. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काहो, भात तर दोन डाव खाता. धानाले विचारलं का कापाच्या वक्ती?"

भासरे घरी आले. तीन दिवस ताटातल्या भाताकडे संशयाने पाहत जेवले. चौथ्या दिवशी दुकानात जाऊन सांगून आले, "विचारलं. पिकलं की धान खुद मान खाली घालते. म्हणजे हौ."

आता अशा माणसाला जेवायला काय घालायचे, ते काम माझे होते. माझे शिक्षण चौथीपर्यंतच, पण चुलीपुढे मी कोणाला भीत नाही. आधी तीळ वाटून, गाळून त्याच्या दुधाचा चहा केला. यांनी एक घोट घेतला आणि विचारले, "हे प्याचं हाये का डोक्याले लावाचं?" भासऱ्यांनी मात्र सगळा कप संपवला. मग अंगणात जाऊन म्हणाले, "कपिले, घरात सांग, चहा चांगला होता. उद्यापासून नको."

मग मी शेंगदाण्यांच्या मागे लागले. भिजवलेले दाणे पाट्यावर वाटायचे, दूध गाळून उकळायचे, कोमट झाले की हिरव्या मिरचीचे देठ टाकून झाकून ठेवायचे. पहिले दही भिंतीच्या चुन्यासारखे झाले. दुसरे मांजरानेही हुंगून सोडले. पाचव्या खेपेला मात्र असे जमले की वाटी उलटी केली तरी हलेना. त्याची कढी केली, जवसाच्या तेलात मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली. त्या दिवशी भासरे जेवून अंगणात गेले आणि बराच वेळ कपिलेची मान खाजवत राहिले. "कपिले," म्हणाले, "घरात सांग, मायच्या हातची आठवण आली." माय तेव्हा आतच बसलेली होती. ती आठ दिवस माझ्याशी फुगून होती.

सासूबाईंना एकच घोर होता, याचे लग्न पुन्हा कसे व्हायचे. शेवटी कटंगीहून एक स्थळ आले. मुलगी सुभद्रा, लहानपणीच नवरा वारलेला, तिचा पाट लावायचा होता, म्हणजे दुसरे लग्न. सगळे ठीक. फक्त तिच्या बापाच्या घरी अकरा म्हशी आणि खव्याचा धंदा.

"हे काही होत नाही," आमचे हे म्हणाले.

पण भासऱ्यांच्या मनात होते. ते मला ठाऊक, कारण त्या आठवड्यात ते रोज डोक्याला तेल लावू लागले. एक दिवस कपिलेला म्हणाले, "घरात विचार, ते कढी दुसऱ्या बाईमाणसाले शिकवता येते का?" मी दाराआडून म्हटले, "कपिले, सांग, दोन दिवसात शिकवतो." ते एवढे खूश झाले की टायरच्या चपला घालून अंगणात उगाच तीन फेऱ्या मारल्या.

सुभद्राचा बाप आणि आत्या पाहुणे आले. मी भात, लाखोळीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी आणि ती कढी केली. सासूबाईंनी सगळ्यांना दम दिला होता, दह्याबद्दल एक शब्द काढायचा नाही. म्हातारा तिसरी वाटी घेत म्हणाला, "म्हशीचं दही जिभेपासून लपत नाही. तिसऱ्या वेताची म्हैस असन."

आमचे हे खाली मान घालून वडा चावत राहिले. सासूबाईंनी डोळे वटारले. भासऱ्यांनी घास खाली ठेवला.

"काकाजी, म्हैस नाही. शेंगदाणा हाये."

म्हातारा वाटीकडे पाहत राहिला. मला वाटले, आता उठला. पण तो खो खो हसला. "म्हणजे जावई दूध पेत नाही, दही खात नाही, तूप नाही. अरे, मंग तर बराच हाये! तेवढा खवा जास्त निघन."

दाराआड माझ्या जिवात जीव आला. दुधाचे विघ्न टळले होते. म्हातारा तिथी काढायच्या गोष्टी करू लागला. तेवढ्यात भासऱ्यांनी विचारले, "काकाजी, तिले विचारलं का?"

"कोणाले?"

"सुभद्राबाईले."

"तिले काय विचाराचं? सांगितलं तं तिनं मान खाली घातली. म्हणजे हौच झालं."

"ते धानाचं झालं," भासरे म्हणाले. "बाई काही धान नाही. मी येतो विचाराले."

आत्याने तोंडाला पदर लावला. म्हाताऱ्याला हे रुचले नाही, पण पोटात तीन वाट्या कढी होती. तो म्हणाला, "या बाप्पा, विचारा."

बाजाराच्या दिवशी भासरे धुतलेला सदरा घालून कटंगीच्या बसमध्ये बसले. सासूबाईंनी पाटाचे लुगडे काढून ठेवले. मी दाणे भिजत घातले, सुभद्राला शिकवायचे, तर हाताला सवय असावी म्हणून.

संध्याकाळी ते आले आणि आईला म्हणाले, "मी नाही म्हणून आलो. अकरा म्हशींच्या घरात आपलं जमत नाही."

सासूबाईंनी ते लुगडे त्यांच्या अंगावर फेकले. वार्डात महिनाभर हसू झाले. दुधापायी बायको सोडणारा माणूस म्हणून पोरे त्यांना पाहायला येत. किराणावाला रोज विचारायचा, "काहो, म्हशींचा निरोप आला का?" तेही हसत, "नाही आला" म्हणत. मलाही राग आला होता. दाणे वाटून वाटून माझे खांदे उतरले होते.

दहाएक वर्षांनी भाचीच्या लग्नासाठी मी कटंगीला गेले. माझे ब्लाउज बाहीशी उसवले, म्हणून बाजाराच्या गल्लीत शिलाई मशीनवर बसलेल्या बाईकडे नेले. कुठल्या, तिने विचारले. मी बालाघाटचा वार्ड सांगितला. तिचा पाय थांबला.

"दूध न पेणाऱ्यायच्या घरच्या का?"

ती सुभद्रा होती.

"विहिरीपाशी आलते," ती म्हणाली. "दूरच उभे राह्यले. म्हणे, बाई, तुह्या मनात हाये का? मले तोपर्यंत कोणी काही विचारलं नव्हतं, पहिल्या लगनातबी नाही. मी नाही म्हणलं."

"तुम्ही म्हणलं?"

"हौ. ते म्हणे, बरं. पण तू नाही म्हणली हे घरी समजलं तर बाप मारन. मी सांगतो का मलेच नाही पाह्यजे, म्हशीमुळं. अन् गेले. पुढं कोणी माह्यावर जबरदस्ती नाही केली. बाप म्हणे, येडे लोक पाहून पाहून थकलो."

ती सुईत दोरा ओवू लागली. दोनदा चुकला.

"नाही म्हणता येते का, ते पाह्यलं मी. अजून एकडाव विचारलं असतं तं हौ म्हणली असती. पंधरा दिवस त्याच वक्ती विहिरीवर गेली मी." दोरा ओवला गेला. "मंग केलं का त्यायनं दुसरीकडं?"

"नाही."

"अजून तसंच खाते?"

"हौ. कढी लय आवडते."

तिने बाहीला टाके घातले, दोरा तोडला आणि ब्लाउज घडी करून माझ्या हातात दिले.

"त्यायले सांगजा," म्हणाली आणि थांबली. मग शेजारचे दुसरे कापड ओढून मशीनखाली सरकवले. "राहू द्या. काही नका सांगू."