वाऱ्याच्या बोगद्यातले अण्णा

आमच्या कॉलेजातले अण्णा चौगुले मटण घ्यायला गेले की आधी काटा रिकामा करून मागतात. खाटीक कितीही ओळखीचा असो. "पारडं पुसा. आता हात काढा. झिरो दावा." मागं रविवारची रांग शिव्या घालत असते, पण अण्णांची नजर काट्यावरनं हलत नाही. झिरो आला की मगच म्हणणार, "हां, आता घाला. चरबी कमी."

हे गृहस्थ आमच्या वाऱ्याच्या बोगद्याचे मेकॅनिक. बोगदा म्हणजे खोलीभर लांबीचा पत्र्याचा चौकोनी नळ. एका टोकाला भलामोठा पंखा, मधे काचेची खिडकी. विमानावर बसवायची वारा मोजायची उपकरणं आत ठेवायची, ठरावीक वेगाचा वारा सोडायचा आणि उपकरण खरं बोलतंय का ते बघायचं. मी तिथला प्राध्यापक, म्हणजे सही करणारा. काम सगळं अण्णांचं. पंखा बंद असताना आकडा शून्यच आला पाहिजे हा त्यांचा धर्म, आणि तो त्यांनी अख्ख्या जगाला लावलेला. कुणी तावातावानं भांडायला आलं की स्टूल पुढं सरकवणार. "बसा. पंखा थांबू द्या. मग रिडिंग घेऊ." एकदा प्राचार्यांनाही असंच बसवलं. पाच मिनिटांत ते कशाला आलो होतो तेच विसरले आणि चहा पिऊन गेले!

गेल्या जूनमध्ये केतकी मॅडम आल्या. वय तिशीच्या आतलं. ढगात विमान घालायचं आणि आतला वाऱ्याचा धिंगाणा मोजायचा, हे त्यांचं संशोधन. विमानाच्या नाकावर बसवायची वीतभर नळी त्यांनी आणली होती. टोकाला पाच भोकं: मधे, वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. कुठल्या भोकावर दाब जास्त, त्यावरून वारा कुठून आदळला ते कळतं.

"तुम्ही स्वता बसणार व्हय त्या इमानात?" अण्णांनी विचारलं.

"कुणीतरी बसायलाच पाहिजे ना!"

अण्णा दोन दिवस नळी अंशाअंशानं वळवून मोजत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सही ठोकली आणि मॅडम गाडीत बसल्या. विमान सीमेपलीकडं कर्नाटकात उभं होतं, दुसऱ्या दिवशी उडणार होतं.

अर्ध्या तासात अण्णा वही घेऊन माझ्यासमोर. तोंड एवढंसं झालेलं.

"सर, घोळ झालाय. डाव्या-उजव्या भोकांचे पाइप म्या उलटे जोडलेत. उजवीकडचं वारं डावीकडं दिसणार."

आकडे बघितले. खरंच होतं, आणि खाली माझी झोकदार सही! मी म्हटलं, "फोन करू की. म्हणावं, अधिकाचं उणे करून घ्या."

"खोडून दुरुस्त केल्यालं घिऊन पोरगी ढगात जाणार व्हय? आणि फोनवर चूक कबूल केली की ती निम्मीच कबूल हुती. उठा."

फोन केला तो फक्त थांबवायला. मॅडम कागलला हॉटेलात थांबल्या. अण्णांच्या जुन्या स्कूटरवर, पन्नाशीतला मी मागं बसून, हायवेनं निघालो. शेजारून ट्रक गेला की स्कूटर लटलटायची, माझा जीव मुठीत, आणि हा माणूस वळून ओरडणार, "सर, ह्याला म्हणायचं आडवं वारं!"

हॉटेलात सगळ्यांसमोर अण्णा म्हणाले, "म्याडम, चूक माझी हाय. सरांनी निस्ती सही केली." आता हा माझा बचाव होता की अपमान, देव जाणे.

मॅडमचा पारा चढला. "अहो, उद्याचं विमान चुकलं तर माझं अख्खं वर्ष गेलं!"

"चारच्या आत मोकळं करतो. न्हाय केलं तर नाव बदला माझं."

मॅडमच्या गाडीमागोमाग बोगद्यावर परत आलो आणि अण्णा न जेवता भिडले. डाव्या-उजव्या भोकांची सगळी मापं पहिल्यापासून परत. पावणेचारला काम संपलं आणि अण्णांनी वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं: 'पाइप उलटे जोडले. चूक चौगुले यांची.' रिटायर व्हायला दोन महिने राहिलेले, तोवर त्या वहीत त्यांच्या नावावर एक चूक नव्हती. मी म्हटलं, "कशाला लिहिता अण्णा? कोण बघतंय?"

"खरं हाय म्हणून."

एव्हाना मॅडमचा राग उतरला होता. निघताना म्हणाल्या, "अण्णा, तुमच्यासाठी काय पाठवू?"

"काय नको. उद्या इमान खाली उतरलं की एक मिस कॉल तेवढा द्या."

दुसऱ्या दिवशी अण्णा फोन पुढ्यात ठेवून बसलेले. बोगदा बंद, काम बंद. साडेबाराला फोन वाजला. मी म्हटलं, "उचला की!" त्यांनी हातसुद्धा लावला नाही. शेवटपर्यंत वाजू दिला.

"पोचली," म्हणाले. मग फोनकडं बघतच, "आमची ही गडहिंग्लजला म्हायेरी गेली की स्टँडवरनं असाच द्यायची. ती गेल्याला तीन वर्सं झाली. आता पोचलो म्हणून सांगणारं कोण न्हाय."

इतकी वर्षं शेजारी काम करून मी हे कधी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात फोन परत वाजला. मॅडमच. मिस कॉलवर त्यांचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. ह्या वेळी अण्णांनी घाईघाईनं उचलला, घसा खाकरला आणि सगळ्या लॅबला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "जेवलीस का गं?"