आयलिफ खुर्चीवरून उठत नाही

गुद्रुन बर्फावरून घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नेमक्या त्याच शनिवारी तोर्दिस, तिची आणि आयलिफची एकुलती एक लेक, तीन महिन्यांनी घरी जेवायला यायची होती. फोनवर नवऱ्या-मुलीबद्दल एवढंच म्हणाली होती, "मी आणि फ्रोया येतोय. होकुन नाही येत. आल्यावर सांगते."

"मग मासे आणि मॅकरोनीचं ते भाजलेलं करायला हवं," गुद्रुन म्हणाली. "लहानपणापासून तिला बरं नसलं की तेच लागतं."

"मी करतो," आयलिफ म्हणाला.

"तू?"

"चाळीस वर्षं कॉड मासा पकडलाय मी. एक भाजता येणार नाही होय? तू बस तिकडे सोफ्यावर. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

आयलिफ मनाने वाईट नव्हता. फक्त घरात कोणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं, की त्याला अचानक धक्क्यावरच्या बोटीचं काहीतरी काम आठवायचं. सासू गेली त्या दिवशी त्याने संबंध बोट रंगवून काढली होती.

सुरुवात झकास झाली. लोणी वितळलं, त्यात दोन मोठे चमचे पीठ पडलं, दूध पडलं. आणि बघता बघता पातेल्यात खळ तयार झाली. चमचा उभा राहिला तो पडेना.

"गुद्रुन, पीठ कुठल्या डब्यातलं घ्यायचं?"

"निळ्या. पांढऱ्यात बटाट्याचं आहे. का रे?"

"काही नाही. सहज विचारलं."

त्याने आणखी दूध ओतलं. आता ते फार पातळ झालं, म्हणून निळ्या डब्यातलं पीठ घातलं. पांढरा सॉस जमला खरा, पण बादलीभर. एवढ्या सॉसात पोरीला मासा शोधावा लागेल, म्हणून त्याने फ्रीझरमधला उरलेला सगळा कॉड काढला. मग मॅकरोनी कमी वाटली. मग अंडी. जायफळ किसता किसता अख्खं संपलं. नेहमीच्या भांड्यात हे मावणं शक्यच नव्हतं, तेव्हा त्याने नाताळात डुकराची बरगडी भाजायचा भलाथोरला ट्रे काढला, वर पावाचा चुरा भुरभुरला आणि ट्रे ओव्हनमध्ये सारला. ट्रे दोन बोटं बाहेरच राहिला.

आयलिफने दाराला गुडघा लावून जोर केला. ट्रे आत गेला, दार बसलं आणि आत कुठेतरी 'कट्' झालं. गुडघा काढला तर दार धाडकन खाली. स्प्रिंग तुटली होती. दाराला खुर्ची लावून पाहिली, ती सरकली. शेवटी तो स्वतःच खुर्चीवर बसला आणि खुर्चीच्या पाठीने दार दाबून धरलं. दार हूं की चूं न करता बसलं.

आणि तेवढ्यात बेल वाजली.

"आजोबा, तू असा का बसलायस?" सात वर्षांच्या फ्रोयाने बूट काढायच्या आधीच विचारलं.

"थंडी वाजते. पाठ शेकतोय."

"पण तुला तर घाम आलाय!"

गुद्रुनने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे. "चल गं फ्रोया," ती म्हणाली, "माझा कोट चढव बघू. एका हाताने जमत नाही. शेजारच्यांच्या मांजरीला पिल्लं झालीत."

बाहेरचं दार लागलं. स्वयंपाकघरात बापलेक दोघंच उरली. तोर्दिस टेबलापाशी बसली.

"आईला कालच सांगितलं फोनवर. मी आणि होकुन वेगळे होतोय, बाबा."

आयलिफचे पाय आपोआप हलले. धक्क्यावर दोर तपासायचा राहिला होता. तो अर्धा उठला, पाठीमागे दार किरकिरलं, गरम वाफेचा झोत मानेवर आला. तो मुकाट्याने खाली बसला.

तोर्दिसच्या ते लक्षात आलं. "उठता येत नाही ना तुला?"

"स्प्रिंग तुटलीये."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू. मग ती बोलायला लागली. शेवटच्या दोन हिवाळ्यांबद्दल, एकाच घरात एकमेकांना चुकवत जगण्याबद्दल. आयलिफची पाठ भाजत होती, पण तो ऐकत राहिला. पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं, की बोलताना लेकीच्या हनुवटीला अगदी त्याच्या आईसारखी खळी पडते.

"जानेवारीत मी तुला फोन केला होता," ती म्हणाली. "तू म्हणालास, आईला देतो."

"हो," आयलिफ म्हणाला. "द्यायला नको होता."

टेबलावरचं गजर लावलेलं घड्याळ घणघणलं.

तोर्दिसने बाहीने नाक पुसलं. "झालं वाटतं. ऊठ."

"छे. अजून दहा मिनिटं लागतील."

काळपट वास हळूहळू खोलीभर पसरला.

"बाबा, करपतंय ते."

"करपू दे," आयलिफ म्हणाला. "तू बोल."